पार्सल आलंच नाही : कोणाचं दार ठोठवायचं आणि किती दिवसांत

ऑनलाइन मागवलेली वस्तू आली नाही की बहुतेक जण पहिला फोन कुरिअरला लावतात. बराच वेळ गाणं ऐकल्यावर 'सेलरशी बोला' एवढंच उत्तर मिळतं. चिडचिड होते, पण त्या माणसाचं तसं काही चुकत नाही. कुरिअरचा करार तुमच्याशी नसतो, माल पाठवणाऱ्याशी असतो. भाडं त्याने भरलेलं असतं आणि पार्सल हरवलं तर भरपाईही त्यानेच मागायची असते. तुम्ही पैसे दिले विक्रेत्याला, म्हणून तुमचं भांडण विक्रेत्याशी आणि ज्या ॲपवरून खरेदी केली त्या ॲपशी. कुरिअरकडून दोनच गोष्टी काढून घ्यायच्या: पार्सल शेवटचं कुठे होतं आणि डिलिव्हरी झाल्याचा पुरावा काय आहे.

दुसरी चूक वाट बघत बसण्याची. 'येईल आज-उद्या' म्हणता म्हणता महिना सरतो. पैसे परत मिळवण्याचे रस्ते बरेच आहेत, पण प्रत्येकाला मुदत आहे. कुठे पाच दिवस, कुठे १२० दिवस, कुठे दोन वर्षं. आणि फसवणूक असेल तर हातात काही तासच असतात. म्हणून आधी आपल्या बाबतीत नेमकं झालंय काय ते ओळखायचं. पैसे कापले गेले पण ऑर्डर झालीच नाही, ऑर्डर झाली पण माल वाटेत अडकला, ॲपवर 'डिलिव्हर्ड' दिसतंय पण हातात काही नाही, की मुळात दुकानच खोटं होतं? या चारांची दारं वेगळी आहेत.

पैसे कापले, ऑर्डर दिसत नाही

हा सगळ्यात सोपा प्रकार. पैसे भरताना पान फिरत राहिलं, खात्यातून रक्कम गेली आणि 'माय ऑर्डर्स'मध्ये काहीच नाही. अशा वेळी घाईने पुन्हा पैसे भरू नका. दहा-पंधरा मिनिटं थांबून ऑर्डरची यादी आणि ईमेल तपासा. कधी कधी ऑर्डर उशिरा उमटते आणि मग एकाच्या जागी दोन कुकर घरी येतात.

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे कार्डाने ऑनलाइन भरलेले किंवा यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे खात्यातून गेले, पण समोर पोचल्याची खात्री झाली नाही, तर ते व्यवहाराच्या तारखेनंतर पाच दिवसांत आपोआप परत आले पाहिजेत. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे १ तारखेचा फसलेला व्यवहार ६ तारखेपर्यंत उलटायला हवा. १० तारखेला उलटला तर वर ४०० रुपये. ही भरपाई बँकेने न मागता द्यायची असते, पण प्रत्यक्षात ती आली का हे पासबुकात बघा आणि नसेल तर लेखी मागा.

गोची एवढीच की हा नियम 'फसलेल्या' व्यवहारापुरता आहे. पैसे विक्रेत्याच्या खात्यात नीट पोचले असतील तर बँकेच्या लेखी व्यवहार यशस्वी झाला. मग माल आला नाही हा प्रश्न विक्रेत्याकडे जातो आणि रोजचे १०० रुपये विसरायचे.

माल वाटेत अडकला

इथे तुमचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे ऑर्डर करताना दाखवलेली डिलिव्हरीची तारीख. ही तारीख पुढे पानावर बदलत जाते. आधी ९ जून, मग १२, मग नुसतंच 'लवकरच'. म्हणून पैसे भरल्या भरल्या ऑर्डरच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्यात ऑर्डर क्रमांक, विक्रेत्याचं नाव, किंमत आणि तारीख या चारही गोष्टी दिसल्या पाहिजेत.

त्या तारखेला वजन आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात की कबूल केलेल्या वेळापत्रकापेक्षा माल उशिरा आला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. अपवाद पूर, दंगल अशा हाताबाहेरच्या कारणांचा. उशिरा आलेलं पार्सल 'आता आलंय ना, घ्या' म्हणून गळ्यात मारता येत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं.

अडकतं कुठे? बऱ्याचदा शेवटच्या टप्प्यात. डिलिव्हरी करणाऱ्याच्या पिशवीत दिवसाला ढीगभर पार्सलं असतात. संध्याकाळी जी उरतात त्यांच्यापुढे काहीतरी कारण टाकल्याशिवाय त्याचा दिवस बंद होत नाही. मग 'ग्राहक उपलब्ध नाही', 'पत्ता अपूर्ण', 'ग्राहकाने पुढची तारीख मागितली' यातलं एखादं कारण लावलं जातं आणि तुम्ही घरीच बसलेले असता. अशा दोन-तीन नोंदी झाल्या की पार्सल आपोआप परतीच्या गाडीत चढतं. त्याला कुरिअरच्या भाषेत 'आरटीओ' म्हणतात, म्हणजे पाठवणाऱ्याकडे परत. म्हणून खोटी नोंद दिसली की त्याच दिवशी ॲपवर लिहा: 'कोणी आलं नाही, फोन आला नाही.' सोबत त्या दिवसाच्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट जोडा.

गावाकडे दुखणं निराळं. पिनकोड 'सेवा उपलब्ध' दाखवतो, पण कुरिअरची गाडी तालुक्यापर्यंतच येते आणि 'हबवर येऊन घेऊन जा' असा फोन येतो. घरपोच देण्याचं कबूल केलेलं असेल तर तिथवर जायला तुम्ही बांधील नाही. विक्रेता ऐकणारा असेल तर ऑर्डर करतानाच त्याला पोस्टाने पाठवायला सांगा; स्पीड पोस्टचं बाड गावच्या पोस्टापर्यंत जातं.

कंटाळून ऑर्डर रद्द करणार असाल तर कारण जपून निवडा. यादीत 'विचार बदलला', 'दुसरीकडे स्वस्त मिळालं' असे पर्याय असतात. ते दाबले की नोंद 'ग्राहकाने रद्द केली' अशी होते. 'डिलिव्हरीला उशीर' हेच कारण निवडा, आणि तो पर्याय नसेल तर आधी चॅटमध्ये तसं लिहून मग रद्द करा. रद्द करण्याचे पैसेही कापू देऊ नका; कंपनी स्वतः एकतर्फी ऑर्डर रद्द करते तेव्हा तीही तसाच आकार सोसत असेल तरच ग्राहकाकडून घेण्याची मुभा नियमात आहे.

कस्टमर केअर आणि तक्रार निवारण अधिकारी एक नव्हेत. चॅटवर जो बोलतो तो ठरावीक उत्तरं चिकटवतो. वरच्याच नियमांप्रमाणे प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क संकेतस्थळावर द्यायचा असतो. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'ग्रीव्हन्स ऑफिसर' म्हणून सापडतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. त्याला पाठवायचा ईमेल लांबलचक नको, राग तर मुळीच नको. असा पुरे:

'ऑर्डर क्रमांक अमुक, दिनांक ३ जून. मिक्सर, ३,४९९ रुपये, यूपीआयने भरले, व्यवहार क्रमांक अमुक. डिलिव्हरीची सांगितलेली तारीख ९ जून. आज १६ जून, माल मिळालेला नाही. ११ आणि १३ जूनला ग्राहक उपलब्ध नसल्याची नोंद केली आहे. दोन्ही दिवशी एकही फोन आलेला नाही, कॉल लॉग जोडला आहे. मला आता माल नको. पूर्ण रक्कम ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात परत करावी. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार ४८ तासांत पोच आणि तक्रार क्रमांक द्यावा.'

'त्याच खात्यात' हे शब्द मुद्दाम घातले आहेत. नाहीतर रिफंड ॲपच्या वॉलेटमध्ये टाकला जातो आणि मग तिथूनच काहीतरी विकत घेणं भाग पडतं.

'डिलिव्हर्ड' म्हणतंय, पण आलं नाही

आधी सोसायटीचा वॉचमन, शेजारी, खालचं दुकान इथे विचारून घ्या. दहा मिनिटांत उलगडा झाला तर बरंच. नाही झाला तर त्याच दिवशी ॲपवर तक्रार टाका, कारण या तक्रारीचा पर्यायच काही ॲपवर थोडे दिवस दिसतो आणि मग नाहीसा होतो.

तक्रारीत 'माझं पार्सल कुठंय' असं विचारू नका, डिलिव्हरीचा पुरावा मागा. कोणी सही केली, फोटो कुठल्या दाराचा आहे, ओटीपी कोणत्या नंबरवर गेला, त्या वेळी डिलिव्हरी करणाऱ्याच्या फोनचं लोकेशन काय होतं. सहीच्या जागी नुसती रेघ असेल किंवा फोटोतला दरवाजा तुमचा नसेल, तर तुमच्या दाराचा फोटो शेजारी लावून पाठवा.

डिलिव्हरीचा ओटीपी म्हणजे पावतीवरची सही समजा. 'मॅडम, गेटवर आहे, ओटीपी सांगा, वॉचमनकडे ठेवतो' असा फोन आला तर पार्सल हातात येईपर्यंत ओटीपी द्यायचा नाही. एकदा तो दिला की माल मिळाला नाही हे पटवणं फार अवघड जातं.

रिकामा खोका किंवा भलतीच वस्तू निघाली तर तोही न येण्याचाच भाऊबंद. महाग वस्तूचा खोका उघडताना व्हिडिओ काढा, पण तो कामाला येईल असा. चिकटवलेलं लेबल वाचता येईल इतक्या जवळून सुरुवात, मग खोक्याच्या सहाही बाजू आणि चिकटपट्टी, आणि मग कात्री. मध्ये कुठे तुटक नको. लेबलवर पार्सलचं वजन छापलेलं असेल तर त्यावर कॅमेरा थोडा थांबवा. चार किलोच्या मिक्सरच्या लेबलवर ३०० ग्रॅम असेल तर पुढचं बोलणं ते लेबलच करतं.

पैसे ज्या वाटेने गेले त्या वाटेने परत

विक्रेता दाद देत नसेल तर पैसे कशाने भरले होते यावर सगळं अवलंबून. या बाबतीत क्रेडिट कार्ड सरस आहे, आणि मोठ्या किंवा अनोळखी खरेदीला ते वापरावं असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण चार्जबॅक.

चार्जबॅक म्हणजे तुमची बँक कार्डाच्या जाळ्यातून विक्रेत्याच्या बँकेकडे पैसे परत मागते. 'माल मिळाला नाही' हे त्याचं एक मान्य कारण आहे. व्हिसाच्या नियमांत त्याला १३.१ असा स्वतंत्र क्रमांक आहे. हे डेबिट कार्डालाही लागू होतं, फक्त तिथे वाद मिटेपर्यंत तुमचेच पैसे बाहेर अडकून पडतात. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांकडे साधारण मुदत १२० दिवसांची. ती माल यायला हवा होता त्या तारखेपासून मोजतात, तरी पैसे भरल्याच्या दिवसापासून मोजून हातात वेळ ठेवा. डिलिव्हरीची तारीख दिलेलीच नसेल तर व्हिसात आधी पंधरा दिवस थांबावं लागतं. रुपे कार्डाच्या वादांची व्यवस्था राष्ट्रीय भुगतान निगम म्हणजे एनपीसीआयकडे आहे. अर्ज मात्र आपल्या बँकेतच.

बँकेत 'फ्रॉड झाला' असं सांगू नका. तसं म्हटलं की कार्ड बंद होतं आणि अर्ज चुकीच्या विभागात जातो, मग 'ओटीपी तुम्हीच दिला होता' म्हणून फेटाळला जातो. म्हणायचं असं: 'व्यवहार मीच केला, माल मिळाला नाही, डिस्प्यूट फॉर्म हवा आहे.' फॉर्मला ऑर्डरचा स्क्रीनशॉट, तारीख, विक्रेत्याला पाठवलेला ईमेल आणि त्याचं उत्तर किंवा उत्तर न आल्याची नोंद जोडा. विक्रेत्याशी आधी बोलल्याचा पुरावा नसेल तर दावा तिथेच लंगडा पडतो. वादातली रक्कम बिलात आली असेल तर तात्पुरतं क्रेडिट मागा. ते मिळेपर्यंत बिल मुदतीत भरत राहा, नाहीतर व्याज आणि दंड वेगळाच वाद उभा करतात.

विक्रेत्यालाही उत्तर द्यायची संधी असते, आणि लबाड विक्रेते इथे एक युक्ती करतात. तुमच्याच पिनकोडमधल्या कुठल्यातरी पत्त्यावर एक हलकं पाकीट पाठवतात. ते पोचलं की ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' उमटतं आणि तेच बँकेला पुरावा म्हणून दाखवतात. तोड अशी की ट्रॅकिंग क्रमांक घेऊन कुरिअरला लेखी विचारायचं: पार्सलचं वजन किती होतं आणि ते कोणत्या पत्त्यावर, कोणाला दिलं. 'वजन ५० ग्रॅम, पत्ता वेगळा' असा ईमेल आला की विक्रेत्याचा पुरावा कोसळतो. बँक या टप्प्यावर उत्तराला थोडेच दिवस देते, म्हणून अर्ज केल्यावर ईमेल रोज बघा.

यूपीआयमध्ये पैसे दुकानाला दिले की माणसाला, यावर सारं ठरतं. दुकान म्हणून नोंदलेल्या खात्याला दिले असतील तर ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवता येते, मग बँकेकडे आणि पुढे एनपीसीआयकडे. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. कुठेही बोलताना तोच लागतो. पण एखाद्याच्या वैयक्तिक नंबरवर पाठवलेले पैसे म्हणजे उसने दिल्यासारखे. ते परत ओढून आणायची सोय यंत्रणेत जवळजवळ नाही. इन्स्टाग्रामवर पैठणी दाखवून 'या नंबरवर पाठवा, जीपे चालेल' म्हणणारी ताई खरीही असेल, पण माल आला नाही तर तुमच्या हातात तिच्या चांगुलपणाशिवाय काही नाही.

कॅश ऑन डिलिव्हरी सुरक्षित वाटते आणि माल न येण्यापुरती ती आहेच. पण पैसे खोका उघडण्याआधी द्यावे लागतात. दारात उघडून दाखवण्याची सोय असेल तर ती निवडा. पैसे क्यूआरने देणार असाल तर डिलिव्हरीच्या ॲपवर उमटलेल्या कोडलाच द्या, आणलेल्या माणसाच्या स्वतःच्या नंबरला नको. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर दारावर यादी चिकटवा: कोणी काय मागवलंय आणि किती रुपये द्यायचेत. न मागवलेलं सात-आठशेचं पार्सल आजोबांच्या हातात टेकवून पैसे घेऊन जाणारे हल्ली फिरतात.

'रिफंड केलाय, पाच-सात दिवसांत दिसेल' हे वाक्य वरचेवर ऐकू येतं. त्यावर एकच प्रश्न: एआरएन काय? एआरएन म्हणजे रिफंडचा माग काढायचा संदर्भ क्रमांक. कार्डाच्या रिफंडला तो २३ आकडी असतो, यूपीआयच्या रिफंडला बारा आकडी संदर्भ. तो घेऊन बँकेत गेलं की पैसे कुठे थांबलेत ते सापडतं. आणि क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर रिफंड बहुधा निघालेलाच नसतो.

बँकेनेच दाद दिली नाही किंवा ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनामूल्य करता येते. माहितीसाठी १४४४८.

दुकानच खोटं होतं

खरेदीआधीची तीन मिनिटं इथे हजारो रुपये वाचवतात. संकेतस्थळावर जीएसटी क्रमांक असेल तर तो नीट वाचा. पंधरा अक्षरं-आकडे असतात. पहिले दोन राज्याचे. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढची दहा म्हणजे मालकाचा पॅन. जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर सांगतं की मालक कोण: 'पी' म्हणजे एकटा माणूस, 'एफ' म्हणजे भागीदारी, 'सी' म्हणजे कंपनी. खाली 'पुणे' असा पत्ता आणि '... प्रायव्हेट लिमिटेड' असं नाव लिहिलंय, पण क्रमांक ०७ ने म्हणजे दिल्लीच्या कोडने सुरू होतो आणि सहावं अक्षर 'पी' आहे, तर विचारण्यासारखं काहीतरी नक्की आहे. मग जीएसटीच्या पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये क्रमांक टाका. नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द हे दिसतं. लबाड लोक दुसऱ्याचा खरा क्रमांक चोरून लावतात, म्हणून पोर्टलवरचं नाव, संकेतस्थळावरचं नाव आणि पैसे भरताना यूपीआयवर दिसणारं नाव ही तिन्ही जुळवून बघा. क्रमांकच नाही म्हणजे फसवणूक असं मात्र नाही. उलाढाल कमी असलेल्या लहान विक्रेत्याला तो लागतोच असं नाही.

संकेतस्थळ कधी नोंदलं गेलं तेही 'हूइज' शोधात दिसतं. 'पंधरा वर्षांचा विश्वास' लिहिणाऱ्या दुकानाचं नाव तीन आठवड्यांपूर्वी नोंदलेलं असेल तर तिथून उठा. पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप बघून निश्चिंत होऊ नका. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेत कोणी डोकावत नाही. पलीकडे चोर बसलेला असला तरी कुलूप असतंच.

पैसे गेलेच असतील तर १९३०. हा सायबर आर्थिक फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक. फोन लागला नाही तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तीच तक्रार. जवळ हवं: रक्कम, तारीख-वेळ, व्यवहार क्रमांक, आपली बँक, पैसे गेलेला यूपीआय पत्ता किंवा खातं, संकेतस्थळाचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट. तक्रार ज्या बँकेत पैसे पोचले तिच्यापर्यंत जाते आणि रक्कम तिथेच असेल तर रोखून धरली जाते. चोर मात्र पैसे एका खात्यातून चार खात्यांत, तिथून एटीएममध्ये असे पटापट हलवतात, म्हणून पहिले काही तासच मोलाचे. रोखलेली रक्कम परत मिळायला पोलिसांमार्फत आणि बऱ्याचदा न्यायालयाच्या आदेशाने जावं लागतं.

एक गैरसमज इथेच दूर करून टाकू. 'कामकाजाच्या तीन दिवसांत बँकेला कळवलं तर सगळे पैसे परत' हा नियम खरा आहे, रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातला. पण तो तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांचा, आणि त्यातही चूक तुमची नसेल तर. स्वतः पिन टाकून खोट्या दुकानाला दिलेले पैसे त्यात बसत नाहीत.

यानंतर दुसरी फसवणूक टपून असते. चिडलेला माणूस गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो आणि वर येणारा नंबर चोराचाच निघतो. तो 'रिफंड फॉर्म' म्हणून लिंक पाठवतो किंवा स्क्रीन दाखवणारं ॲप डाउनलोड करायला लावतो. नंबर नेहमी ॲपच्या आतून घ्या. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. 'तुमचं पार्सल गोदामात आलंय, पत्ता अपूर्ण आहे, १२ तासांत लिंकवर भरा' असा पोस्टाच्या नावाने येणारा एसएमएसही याच जातीचा.

हेल्पलाइन आणि आयोग

विक्रेता खरा आहे पण महिनाभर झुलवतोय, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीतही बोलता येतं. तिथले लोक तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि पाठपुरावा करतात. हुकूम देण्याचा अधिकार त्यांना नाही, पण अनेक मोठ्या कंपन्या या यंत्रणेशी थेट जोडलेल्या आहेत आणि चॅटवर अडकलेलं प्रकरण इथून हलतं. आठशे रुपयांच्या चपलेसाठी आम्ही इथवरच जायला सांगू.

रक्कम मोठी असेल तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने एक फार सोयीची गोष्ट केली: विक्रेता गुरुग्रामचा असो की बंगळुरूचा, तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ई-जागृती पोर्टलवरून ती ऑनलाइन दाखल होते. मालाची दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. भरपाई कितीही मागितली तरी शुल्क ठरतं ते भरलेल्या किमतीवर. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार, घटनाक्रम, कागदपत्रांची यादी आणि प्रतिज्ञापत्र लागतं. प्रतिपक्षात विक्रेता आणि ॲप दोघांनाही घ्या. फक्त एकाला घेतलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा व्हायला बघतो. विक्रेत्याचा पूर्ण पत्ता ॲपकडे लेखी मागता येतो आणि तो देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

मुदत दोन वर्षांची. समोरच्याला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापलीकडे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितलं. कायदा निकाल तीन महिन्यांत लावायला सांगतो. प्रत्यक्षात जास्त लागतात हे धरून चला.

परदेशातून आई-वडिलांसाठी इथे काही मागवणाऱ्यांना हे उपयोगी: कायद्यात 'ग्राहक' म्हणजे पैसे देणाराच नव्हे, त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही. लेकीने लंडनहून पैसे भरले आणि साताऱ्यात फ्रीज आला नाही, तर साताऱ्यात बाबा तक्रार करू शकतात. चार्जबॅक मात्र लेकीने तिच्या बँकेकडेच मागायचा.

आदेश तुमच्या बाजूने लागला आणि तरी पैसे आले नाहीत तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करायचा. आदेश न पाळणाऱ्याला कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अर्जाला आदेशाची प्रमाणित प्रत लागते. पक्षकाराला ती फुकट मिळते. टपालाने आली नसेल तर कार्यालयातून मागून घ्या.